कुणाचा हुकूम

गिरदावर माझ्या खांद्यावर बसला तेव्हा त्याचे बूट माझ्या छातीवर लोंबत होते. ओढ्याचं पाणी माझ्या कमरेच्या वर आलेलं. तो वरून म्हणाला, "सीधा चल." मी चाललो.

त्याच्या आधी मी गावच्या पटवाऱ्याला पार नेऊन सोडलं होतं. पलीकडं उतरल्या उतरल्या पटवाऱ्यानं अंगावरच्या कपड्यानिशी त्याच ओढ्यात बुडी मारली. माझा विटाळ झाला होता. बसायला माझा खांदा चालला. उतरल्यावर त्यानं माझा विटाळ धुवून काढला.

गिरदावर तालुक्याहून घोड्यावर यायचा. पिकं बघायचा, कुणाच्या घरातलं किती धान्य सरकारात जमा करायचं ते ठरवायचा. ओढ्यापलीकडच्या रानात जायचं तर पुराच्या पाण्यात घोडं शिरत नव्हतं, म्हणून माणूस लागायचा. तो माणूस आमच्या वस्तीतून जायचा, वेशीबाहेरच्या. वेठ म्हणायचे या फुकटच्या राबणुकीला. घराघराची पाळी ठरलेली. त्या दिवशी पाळी माझी.

मी एकोणीस-वीस वर्षांचा असेन. माझी बायको चंद्रा सकाळपासून कळा देत होती. पहिलटकरीण. बोलावणं आलं तेव्हा मी पाटलाच्या पायरीखाली उभा राहिलो. हात जोडून सांगितलं, आजचा दिवस दुसऱ्याला न्या, माझ्या घरात अशी अशी अडचण आहे.

पाटील दात कोरत होता. म्हणाला, "बाळंत ती होणार. तुझं तिथं काय काम? सरकार खोळंबलंय."

सरकार. आमच्या तोंडी हा शब्द लई होता. गिरदावराला सरकार म्हणायचं, पाटलाला सरकार, पटवाऱ्याला सरकार. पाटलाच्या सहा वर्षांच्या पोरालासुद्धा धाकलं सरकार. हैदराबादेत कुणी बसलाय आणि त्याचं राज्य आहे, एवढं ऐकून होतो. सरकारनं आपल्यासाठी काही करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नाही. सरकार म्हणजे जे गावात आलं की माणसं दारं लावून घेतात ते.

ओढ्याच्या मध्यावर माझा पाय शेवाळावरून सरकला. पडलो नाही. पण गिरदावराचा डावा बूट पाण्यात बुडाला.

काठावर त्यानं घोड्याचा चाबूक माझ्यावर चालवला. तेवढ्यानं भागलं नाही. गावात परतल्यावर चावडीपुढं मला कोंबडा केला. वाकायचं, मांड्यांखालून हात घालायचे आणि कान धरून राहायचं. बाया पाण्याला जात होत्या. त्या बघत होत्या. दम संपून मी कलंडलो की शिपाई मला उठवायचा, भिंतीकडं तोंड करून उभा करायचा, परत वाकवायचा.

चावडी वेशीला लागूनच. चंद्राचं ओरडणं तिथवर ऐकू येत होतं. दुपार कलली आणि ते ओरडणं थांबलं.

मला वाटलं, मेली.

मी कान सोडले नाहीत. बायको मेली असं वाटत असताना मी कान धरून वाकलेला राहिलो. इतकं भ्यालो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

भिंतीवर एक कागद डकवलेला होता. पिवळा पडलेला, उर्दू अक्षरांचा, खाली मोठा शिक्का. मला उभा केला की तो बरोबर माझ्या नाकापुढं यायचा. गिरदावर जायला निघाला तेव्हा त्यानं चाबकाचं टोक त्या कागदाला लावलं आणि पटवाऱ्याला उर्दूत काहीतरी म्हणाला. पटवाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. दोघंही हसले.

मी घरी पळालो. चंद्रा जिवंत होती. मुलगी झाली होती. चंद्रानं माझ्या सुजलेल्या कानांकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. कुठं होतात, असं तिनं विचारलं नाही. बायांनी तिला सांगितलं होतं.

ते हसणं माझ्या डोक्यातून जाईना. मार विसरलो असतो. मार आमच्या वस्तीत सगळ्यांनीच खाल्लेला. पण कागदाला चाबूक लावून माझ्याकडं बघत हसायचं कारण काय?

खळ्यांचे दिवस आले. भरदुपारी सगळं गाव रानात असायचं. एका दुपारी मी चावडीपुढं गेलो, इकडं तिकडं बघितलं आणि तो कागद सोलून काढला. एक कोपरा भिंतीलाच राहिला. कागद मुंडाशात घातला. डोक्यावर पेटता इस्तू ठेवल्यागत वाटत होतं. सरकारचा कागद चोरला म्हणजे फाशीच, अशी माझी समजूत.

बेंबळीच्या बाजारात एक म्हातारे चाचा कपडे शिवायचे. त्यांना उर्दू वाचता यायचं. मी त्यांच्यापुढं कागद धरला. शिक्का बघून त्यांनी मशीन थांबवलं, दुकानाचं पुढचं फळकूट ओढून घेतलं आणि मला आत घेतलं. तेही भ्याले होते. हळू आवाजात त्यांनी दोनदा वाचलं.

"बेगार मना है," ते म्हणाले. मग मला नीट कळावं म्हणून आपल्या बोलीत म्हणाले, "यात लिवलंय, सरकारी मान्सानं कुनाला बी जबरीनं राबवायचं न्हाय. राबवलं तर त्या मान्साला सजा हाये. लई जुना हुकूम हाये, बेटा."

मी त्यांना ते तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

माझा बाप त्या चावडीपुढं ओझी वाहून वाहून म्हातारा झाला. त्या कागदाखालून गेला आणि आला. पटवारी रोज त्याखाली बसत होता. त्याला वाचता येत होतं. मग इतकी वर्षं मी भीत होतो ते सरकार कोणतं? या कागदातलं, का माझ्या खांद्यावर बसलेलं?

चाचांनी कागद परत दिला. म्हणाले, "मेरा नाम नको घेऊ." मी शब्द दिला.

पुढच्या पावसाळ्यात गिरदावर परत आला. शिपाई दारात आला. पाळी पुन्हा माझीच होती. चंद्रा पोरीला घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी तिला आधी सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली होती, "मारत्याल तुमाला."

मी ओढ्यापर्यंत गेलो. दारातून नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, हे खरं. पाटील होता, पटवारी होता, वस्तीतली माणसं होती. गिरदावर घोड्यावरून उतरला आणि माझ्याजवळ आला. मी खाली बसावं म्हणून उभा राहिला.

मी बसलो नाही. धोतर ओलं झालं, ते मला कळलं. पाण्यात तर अजून उतरलोही नव्हतो.

"बस ना रे," पाटील म्हणाला.

"न्हाय बसत," मी म्हणालो. "वेठ बंद हाये. सरकारचाच हुकूम हाये."

मग पटवाऱ्यानं विचारलं, "तुला कुणी वाचून दाखवलं?"

मी 'कुणी न्हाय' म्हणून मान हलवली. तेच पुन्हा विचारत राहिले आणि मारत राहिले. चाचांचं नाव मी सांगितलं नाही. आमच्यातलाच दुसरा एक पुढं झाला आणि खाली बसला. गिरदावर त्याच्या खांद्यावरून पार गेला. मला त्याचा राग आला नाही. वर्षभरापूर्वी मीही तसाच बसलो होतो.

मला तालुक्याला नेलं. भिंतीवरचा तो कागद मीच नेला हे आता त्यांना कळलं होतं; सरकारी कागद चोरला म्हणून कोठडीत घातलं. सुटून आलो तेव्हा माझं खोपट पाडलेलं होतं. चंद्रा माझ्या आईकडं राहत होती. तिनं मला भाकरी वाढली आणि म्हणाली, "बसला न्हाईत ना?"

"न्हाय."

ती समोर बसली. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं सरळ बघत बसली.

निजामाचं राज्य गेलं. गावात नवा झेंडा लागला. पाटलानं त्याच्यापुढं नारळ फोडला. थोड्याच दिवसांत नव्या सरकारचा एक साहेब जीपगाडीतून आला. त्यानं आमच्याच भाषेत, मराठीत, छान भाषण केलं की हे राज्य आता तुमचं आहे. भाषण संपल्यावर पाटलानं नेहमीसारखं माझ्याकडं बोट केलं. साहेबांचं सामान डाकबंगल्यावर टाकून ये म्हणाला. साहेबही थांबून बघत राहिला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझे पाय कापायला लागले. अजून कापतात. खाकी कपडा दिसला की मी वाट सोडून बाजूला होतो. ही भीती माझ्या हाडात लहानपणापासून घातलेली आहे. ती माझ्याबरोबरच जाईल.

मी साहेबाला विचारलं, "कुणाचा हुकूम हाये? कुठं लिवलाय?"

त्यानं शिपायाला खूण केली. सामान त्या शिपायानं उचललं.

राज्य कुणाचंही येवो. सरकारचं नाव घेऊन जो माझ्या दारात येईल, त्याला मी हेच विचारणार. कापत कापत विचारीन, पण विचारीन. आणि लेकीला अक्षर शिकवीन, म्हणजे तिला उत्तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागणार नाही. शाळा तिला विटाळ म्हणून बाहेर बसवील, तर मी शाळेच्या दारात जाऊन उभा राहीन. कुणाच्या हुकमानं बाहेर बसवलं, ते मास्तरानं मला दाखवायचं. दाखवता आलं नाही तर ती आत बसेल. मी तिथून हलणार नाही.