पिवळ्या वादळातला हात

हळदीचा डबा उघडला की सांगलीजवळची ती गिरणी आठवते. मी तेव्हा सातवीतून शाळा सोडलेली. तिथं एका विचित्र सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. त्यातल्या स्वप्नासाठी पिवळं वादळ हवं होतं आणि पंख्यानं ते जमेना. मग गिरणीत कामाला असलेल्या माझ्या आईनं सुपानं हळद उधळली.

“मावशी, अजून एकदा,” दिग्दर्शक म्हणाला.

“आवं, अशानं तुमचा हिरो नवरदेव व्हईल की,” आई खोकत हसली. मला तिच्या पिवळ्या अवताराची लाज वाटली होती.

पुढं तो सिनेमा गाजला. आता मी राहते त्या कोईमतूरलाही पोरं ते वादळ शर्टावर छापून मिरवतात. आई सांगलीत दवाखान्यात बेशुद्ध आहे आणि मला गाडीचं तिकीट मिळत नाही. मी मोबाइलवर तो सिनेमा लावते. वादळात क्षणभर हिरव्या बांगड्यांचा हात दिसतो, मला वाढवणारा, आईचा. तिथंच थांबवते. पुढं तो हळदीत दिसेनासा होतो.