हाताला जर्क

वाळूज परिसरात ‘जर्क’ हा शब्द सगळे वापरतात. कंपनीची बस सुटताना जर्क बसतो, लिफ्ट थांबताना बसतो. पत्रा दाबणारं प्रेस मशीन थांबल्यासारखं वाटून अचानक पुन्हा खाली आलं, की कामगार म्हणतात, मशीन जर्क मारतंय.

मी वर्तमानपत्रात होतो आणि त्या वर्षी औद्योगिक बातम्या माझ्याकडे होत्या. किरकोळ अपघाताच्या बातमीसाठी कुणी जागेवर जात नसे. कारखान्याच्या अधिकाऱ्याला फोन करायचा, तो सांगेल ते चार ओळींत उतरवायचं. एका प्रेस कामगाराची दोन बोटं तुटली तेव्हाही मी हेच केलं. अधिकारी म्हणाला, “त्याच्याच हाताला जर्क आला हो, हात आत गेला.” मी लिहिलं : हाताला अचानक जर्क आल्याने कामगार जखमी. ‘अधिकाऱ्याने सांगितले’ हे दोन शब्द जागेअभावी मीच गाळले.

आठवड्यानं त्या कामगाराची बायको बजाजनगरहून कार्यालयात आली. हातात बातमीचं कात्रण होतं.

“हे तुम्हीच लिहिलं ना, साहेब?”

“हो.”

“तुम्ही तिथं होता का?”

“नाही.”

“मग त्यांचा हात हलला हे कुणी पाहिलं? तीन दिवस सांगत होते ते, मशीन जर्क मारतंय म्हणून. सुपरवायझर म्हणला, ‘तुझ्या मेव्हण्यासारखं आळशी हाय ते, दोन लाथा घाल, चालतंय.’ आता कंपनीनं चौकशी लावलीय. चूक ह्यांचीच म्हणत्यात, अन् पुरावा काय, तर तुमचा पेपर.”

तिला पैसे नको होते. मी अपघात पाहिलेला नाही, एवढं लिहून हवं होतं. त्यावर नवऱ्याची नोकरी टिकली असती, निदान तिला तसं वाटत होतं. मी वरिष्ठांना विचारलं. ते उद्याच्या अंकाचं पान लावत होते, मान वर न करता म्हणाले, “लेखी काही द्यायचं नाही. खुलासा छापू म्हणावं.”

मी तिला तेच सांगितलं.

“लई उपकार,” ती म्हणाली. कात्रणाची घडी घालून तिनं ते पिशवीत ठेवलं. तिच्यासाठी मागवलेल्या चहाला तिनं हात लावला नव्हता. ती गेल्यावर तो मी प्यायलो. हे आठवलं की आजही किळस येते, आणि ती चहाची नसते.

खुलासा छापला गेला नाही. मी दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा दिली नाही. एक कागद घेऊन चार ओळी लिहून द्यायला पाच मिनिटं लागली असती. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते, ही समजूत मला सोयीची होती.

महिन्याभरानं त्याच अधिकाऱ्याचा दुसऱ्याच कामासाठी फोन आला. बोलता बोलता म्हणाला, “तो बोटंवाला कामावरून गेला बरं का. चौकशीत दोषी निघाला. तुमच्या बातमीचा उपयोग झाला.”

मी “बरं” म्हणालो आणि ज्या कामासाठी फोन होता ते लिहून घेऊ लागलो.