बारीक आवाजाची तार

गाडीच्या टेपसाठी मी वर्षानुवर्षं कोपरीतल्या एका मेकॅनिकच्या गाळ्यात जात होतो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. तो ओठांत स्क्रू धरून बोलायचा आणि काम झालं की आवाज मोठा करून अख्ख्या गल्लीला ऐकवायचा.

पत्नी गेल्यावर मी नवे स्पीकर बसवायला गेलो. मुलीसाठी तिने लोणच्याची कृती टेप करून ठेवली होती. जुन्या स्पीकरवर तिचा आवाज घोगरा येई.

"काका, एकाच स्पीकरने सगळं गायचं म्हणजे एकाच बाईने रांधायचं, वाढायचं आणि पंगतीला पण बसायचं," तो म्हणाला. मग त्याने एक छोटी डबी दाखवली. "हा क्रॉसओव्हर. जाडा आवाज मोठ्या स्पीकरला, बारीक या छोट्याला. वाटणी करून देतो."

कॅसेट लावली. आवाज लख्ख आला. पण मोहरीपासून मेथीपर्यंत पोचताना तिला दोनदा धाप लागली होती. तिने टेप केलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत वाचत बसलो होतो. आजार आम्हाला कळला तो पुढे चार महिन्यांनी.

त्याने आवाज वाढवला नाही. वाकून छोट्या स्पीकरची तार काढली. धाप नाहीशी झाली, घोगरेपणा परत आला.

"असंच ठेवू, काका?" तोंडातले स्क्रू काढून त्याने विचारलं.

"नको. जोडा परत," मी म्हणालो. "तेव्हाच ऐकायला हवं होतं मी."

त्याने तार जोडली, गाडीच्या काचा वर केल्या आणि कॅसेट संपेपर्यंत बाहेर उभा राहिला.