बिरूची किक आन् माझा गुडघा

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे हे किस्से साठत्यात. दिवसभर कुणी बघत न्हाई. शिफ्ट सुटताना झाडू मारला की पाटीभर निघत्यात, आन् हातानं उचलायला गेलं की बोटात घुसत्यात!

आमच्या शिरूरच्या फॅक्टरीतल्या बॉलचे किस्से तसलेच. नव्वद सालानंतरची गोष्ट. माझी शाळा सातवीत सुटली, बोलायचं वळण न्हाई. पण हे मीच सांगणार. दुसरा कुणी सांगाय लागला की त्यो चुकतो, आन् चुकला की माझं डोकं फिरतं. मागं एका लग्नात असंच एकानं चुकीचं सांगितलं. त्याच्या अंगावर मठ्ठ्याचा जग ओतला मी. नवरदेवाचा मामा निघाला!

*

आमच्याकडं नव्या मशिनी बसवायला अमेरिकेतनं एक साहेब आलता. वाल्टर नाव. उंच, लाल, आन् डोक्यावर कायम टोपी. एक दिवस चहाच्या सुट्टीत त्यानं पिशवीतनं बॉल काढला. लांबुळका, दोन्हीकडनं निमुळता.

मी म्हणलो, "बॉल कसला? ही तर पपई हाय!"

आमच्यात इंग्लिश कळणारा एकच. भीमराव, इलेक्ट्रिशियन. साहेब बोलायचा, भीमराव मराठीत सांगायचा. "त्यांच्याकडं ह्याचा मोठा खेळ असतो. एका टीमनं किक मारायची. दुसऱ्या टीमच्या एका गड्यानं लांब मागं उभं राहून झेलायचा, आन् समोरनं येणाऱ्या सगळ्यांमधनं पळत सुटायचं. आडवा केला की थांबला."

"म्हंजी कबड्डीच की! पपई घिऊन!"

झालं. संध्याकाळी रोडच्या कडंच्या माळावर फक्कीनं रेघा मारल्या आन् पळणारा गडी म्हणून मला उभं केलं. भीमरावनं कारण पण सांगितलं, "दत्तू भांडून पळण्यात पटाईत हाय."

*

पहिली किक झेलली आन् मी सुटलो. एकाला हुलकावणी, दुसऱ्याच्या काखेतनं, तिसऱ्याला खांदा! थेट पलीकडं पोचलो आन् जांभळा पडून खालीच कोसळलो.

साहेब पळत आला आन् भीमरावला इचाराय लागला, "हा सगळ्या वाटंनं तोंडात काय बोलत व्हता? मंत्र का?"

मी व्हतो कबड्डीचा गडी. समोरच्याच्या अंगणात शिरलो की तोंड आपोआप सुरू व्हतं. "कबड्डी कबड्डी कबड्डी." माळ केवढा, दम केवढा! मरायची पाळी आली, पण दम सोडला न्हाई.

भीमरावला येवढं कुठं समजावत बसायचं? त्यो म्हणला, "येस सर. प्रेयर."

तवापासनं मी पळायला लागलो की साहेब टोपी काढून छातीला लावून उभा राहायचा!

*

मग साहेबानं त्यांच्याकडची व्हिडिओ कॅसेट आणली. कँटीनमधी सगळी शिफ्ट जमली. पडद्यावर हेल्मेट घातलेले रेडे! सगळे पगारी खेळाडू. म्हणलं, आता बघाय मिळंल पळणं.

किक मारली. बॉल गेला लांब, पार पळणाऱ्याच्या मागं मैदानाच्या टोकाला आखलेल्या शेवटच्या पट्टीत. पळणाऱ्यानं झेलला आन् गुडघा टेकला. खेळ थांबला! परत किक. परत पट्टीत, परत गुडघा.

कँटीनचे मामा चपात्या लाटता लाटता म्हणले, "आरं, ह्याला पगार गुडघ्याचा हाय का?"

साहेब हसला न्हाई. भीमराव त्याचं सांगाय लागला, "म्हणत्यात, किक मारणारे आता लई ताकदीचे झाले. बॉल शेवटच्या पट्टीत गेला की गुडघा टेकायचा, मग खेळ आयता पुढनं सुरू व्हतो. त्याला टचबॅक म्हणत्यात. मधनं पळायची जोखीम कोण घेतंय? लहानपणी साहेब ह्या पळण्यासाठीच खेळ बघायचे. आता तेच बंद पडत चाललंय."

मी छाती ठोकून म्हणलो, "साहेबाला सांग, आमच्या शिरूरला असलं कवाच व्हणार न्हाई!"

जिभेला हाड न्हाई ना माझ्या.

*

आमच्या कंपनीची दुसरी फॅक्टरी व्हती दौंडकडं. तिथल्या लोकांनी पण टीम काढली. त्यांच्यात एक गडी, बिरू. कासुर्डीचा. आज्या-पणज्यानं मेंढरं राखलेली, आता शेती आन् कंपनी. बोलायला गरीब, पण पाय म्हंजी बाभळीचं खोड! अनवाणी किक मारायचा.

पहिल्याच किकला बॉल माझ्या डोक्यावरनं, पट्टीवरनं, बांधावरनं थेट उसात! शोधायला गेलो तर उसाचा मालक कोयता घिऊन उभा. "कुणाची पपई हाय ही?"

त्यानंतर दर किकला हेच. पट्टीत नायतर उसात. मी आपला झेलतोय आन् गुडघा टेकतोय. पॅन्टी गुडघ्यावर फाटल्या. बायको म्हणली, "कंपनीत फरश्या पुसताय का?"

लोकं आधी माझं पळणं बघाय यायची. आता बिरू किक मारायला निघाला की उठून भेळ खायला जायची! भेळवाला बिरूला फुकट भेळ द्यायचा, वर जादा कांदा. मी भेळवाल्याची गाडी धरून हलवली. "तुझ्या कैऱ्या फेकीन उसात!"

त्यो म्हणला, "तुमच्याच्यानं व्हणार न्हाई. बिरूला बोलवा."

*

मिटिंग घेतली. मी म्हणलो, "किकची रेघ मागं घ्या!"

दौंडवाले म्हणले, "आमचा गडी ताकदीचा, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

मग मी डोकं लढवलं. "कंपनीच्या टीममधी अनवाणी चालणार न्हाई. सेफ्टी शूज घाला!" म्हणलं, पुढं लोखंडी टोपी असलेला येवढा जड बूट घातल्यावर बॉल काय चार पावलं जाईल.

बिरूनं बूट घातला. दोनदा पाय आपटून बघितला. मारली किक.

असला आवाज आला की ढोल फुटला! बॉल रोडवर गेला, न्हावऱ्याकडं निघालेल्या एस्टीच्या टपावर बसला आन् एस्टी गेली निघून! भीमराव मोटारसायकलवर मागं. न्हावऱ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं बॉल खाली दिला आन् म्हणला, "बरं झालं आलात. न्यायला कुणी येतंय का न्हाई, ह्याच काळजीत व्हतो."

बूट रद्द केला.

*

ह्या सगळ्यात आमचे आप्पा, म्हंजी वडील, एकदा मॅच बघाय आले. आप्पा जुने कबड्डीचे गडी. माझं पळणं लई गाजतंय असं ऐकून आमच्या गावावरनं, निमोण्यावरनं, एस्टीनं आले, धुतलेला फेटा बांधून, दोस्तांना संगं घिऊन.

बिरूची किक. माझा गुडघा. परत किक. परत गुडघा.

आप्पा उभे राहिले आन् सगळ्यांच्या समोर वरडले, "दत्त्या! गुडघा देवापुढं टेकायचा! हे दौंडवाले तुझे कोण लागत्यात रं?" आन् तडक स्टँडवर!

पुढच्या रविवारी मी गावात गेलो. पारावर आप्पांचे दोस्त बसलेले. मला बघितलं आन् सगळ्यांनी एकदम गुडघा टेकला. वातानं ज्यांना खाली बसता येत न्हाई ती म्हातारी माणसं! एकाला परत उठवायला दोघं लागले, पण टेकला!

आप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. समोर गाय बांधलेली, तिला सांगायचे, "त्याला म्हणावं, भाकरी झालीय."

म्हणलं, बास. एकदा तरी ह्या माणसाला पळून दाखवणार. हात-पाय मोडले तरी चालंल.

*

साहेबाचं काम संपलं. परत जायच्या आधी शेवटची मॅच ठरली, आन् मी भांडून ती निमोण्यात घेतली. आप्पा म्हणले, म्हंजी गायीला म्हणले, "मला वेळ न्हाई." मॅचच्या टायमाला बघतो तर माळाच्या कडंला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे! विचारलं तर म्हणले, "ट्रॉलीची फळी ढिली झालीय, ती बघतोय."

पंच म्हणून माळी आबा. आयुष्यभर कबड्डीचं पंचपण केलेलं. धरलेल्या गड्याचं नख जरी मधल्या रेघंला लागलं तरी आबांना दिसायचं, आन् आबांचा हात वर गेला की धरणारे सगळे बाद. भल्याभल्या पैलवानांची त्यापुढं तोंड उघडायची टाप नव्हती.

सगळी मॅच तेच. किक, गुडघा. किक, गुडघा. पोरं भेळीकडं निघाली. शेवटची किक राहिली. बॉल आला पार पट्टीच्या मागच्या रेघंवर. झेलला.

भीमराव वरडला, "टेक! दत्तू, टेक!" साहेब पण तिकडनं, "नी! नी!" म्हंजी गुडघाच.

मी ट्रॉलीकडं बघितलं. आप्पा फळी बघत नव्हते.

सुटलो! तोंड सुरू! "कबड्डी कबड्डी कबड्डी!" साहेबाची टोपी छातीवर! एक हुकवला, दुसरा हुकवला, आन् मैदानाच्या मधी पोचतोय तोवर एकानं घोटा धरला, एकानं कंबर, आन् मग आख्खं दौंड माझ्यावर! मी आडवा व्हायला लागलो, गुडघा टेकायला वीतभर राहिलं. डोळ्यापुढं मधली फक्कीची रेघ. काय इचार केला न्हाई बघा. हात लांबवला आन् ठेवला रेघंवर!

आबांचा हात वर गेला. "सगळे बाद!"

दौंडवाल्यांनी मला सोडलं. कुणी कपाळाला हात लावला, कुणी एकमेकाला शिव्या दिल्या, "घोटा नीट धरायचा ना रं!" आन् माना खाली घालून सगळे मैदानाच्या भाईर जाऊन वळीनं बसले!

मला आधी कळंना. भीमराव बोंबलला, "आरं पपई हाय तुझ्या काखेत! पळ!"

पळालो. समोर चिटपाखरू न्हाई! पार पलीकडं जाऊन बॉल आपटला. निमोणं नाचाय लागलं. साहेब भीमरावला हलवून हलवून विचारतोय, "ते का बसले? कुठला नियम? कुठला नियम?" भीमरावचं इंग्लिशच संपलं.

आन् येवढ्यात वळीतनं बिरू उठला. चेहरा रडवेला. सरळ आबांपुढं गेला.

"आबा, हे बरोबर न्हाई! मी तर त्याला हातच लावला नव्हता. मला कशाला बाद धरलं?"

आबा इचारात पडले.

तेवढ्यात ट्रॉलीतनं आप्पांचा आवाज आला,

"लावला व्हता! मी सवता बघितलाय! खाली बस!"

आन् बिरू बसला.