खोडलेली सही

"काच पुसून घे."

मॅडम मराठीत म्हणाल्या. हळू आवाजात. मी स्कॅनरचं झाकण उघडून एक सर्व्हिस बुक काचेवर पालथं घालत होते. सरकारी माणूस नोकरीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत ज्या जाड वहीत मावतो, ती ही वही. सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम ठेकेदाराला मिळालं होतं आणि मी ठेकेदाराची माणूस. त्या दिवशी सफाईवाल्यांच्या वह्या निघाल्या होत्या. कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या त्या ऑफिसात बाकी सगळ्यांच्या वह्या रेकॉर्ड रूममध्ये, आणि सफाईवाल्यांच्या संडासाच्या बोळातल्या लोखंडी कपाटात. कुणी ठेवल्या, का ठेवल्या, कुणी विचारलं नाही. पद्धत. ओल लागून त्या फुगल्या होत्या.

मॅडमनी माझ्यापुढे स्पिरिटची बाटली आणि कापूस ठेवला. "प्रत्येक वहीनंतर पूस. नंतर आपल्या ऑफिसर लोकांच्या फायली याच काचेवर जायच्यात. आणि या बंगाल्यांना काही बोलू नकोस. तू आपल्यातली म्हणून सांगते."

आपल्यातली.

मी कोलकात्यात जन्मले. मराठी म्हणजे आमची क्वार्टरची खोली, आई आणि बाबा. दाराबाहेर पाऊल टाकलं की बंगाली नाहीतर हिंदी. माझ्या मराठीत अजून बंगाली शब्द घुसतात. मॅडम बदली होऊन आल्या आणि त्या ऑफिसात पहिल्यांदा कुणी मला म्हणालं, "अगं, तू मराठी? जेवलीस का?" त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसत होते. वेडी. मग त्या मला डब्यातली चटणी द्यायला लागल्या. संक्रांतीला तिळगूळ दिला. ठेकेदाराच्या मुलींपैकी मी एकटीच त्यांच्या केबिनमध्ये कपबशीतून चहा प्यायचे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. आणि मला ओळखणारे जुने लोक केव्हाच निवृत्त झाले होते.

घरी जाऊन मी बाबांना सांगितलं, "आमच्या मॅडम आपल्या मराठी आहेत." बाबा खाटेवर पडून होते. लकवा होऊन गेला होता, उजवा हात थरथरायचा.

"गाव विचारलं काय तिनं तुले?"

"नाही."

"मंग विचारंल," बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

बाबा त्याच ऑफिसात सफाईवाले होते. नागपूरकडून मामाच्या ओळखीने इथे आलेले. गावी असताना विहारात मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायचे, तिथे बाबा आपलं नाव लिहायला शिकले. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी सर्व्हिस बुकच्या पहिल्या पानावर सही केली. हेडक्लार्कने ती बघितली. म्हणाला, "तोमार आबार शोई किशेर? टीपछाप दाओ." तुझी कसली रे सही, अंगठा दे. त्याने सहीवर रेघ मारली, बाबांचा हात धरला आणि अंगठ्यासकट पाचही बोटं शाईत दाबली. त्यानंतर त्या ऑफिसात बाबांनी जन्मभर अंगठाच दिला. घरी मात्र वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही गिरवत बसायचे. वर्गात माझ्या प्रगतिपुस्तकावरची सही सगळ्यांत देखणी असायची. मी ती मुद्दाम उघडून दाखवायचे.

स्पिरिटची बाटली समोर होती आणि त्याच गठ्ठ्यात बाबांची वही आली. मी पहिलं पान उघडलं. निळी सही. तिच्यावर आडवी रेघ. शेजारी काळे, फताडे पडलेले पाच ठसे. गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली होती. तरी ते पान मला काचेवर पालथं घालवेना.

"मॅडम," मी म्हणाले, "हे माझे बाबा."

त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. तो उचलला गेला. त्यांनी वहीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हिंदीत म्हणाल्या, "अच्छा. ठीक है. काम करो."

त्यानंतर त्या माझ्याशी मराठीत बोलल्या नाहीत. एक शब्द नाही. चहा माझ्या टेबलावर यायला लागला, कागदी कपात. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. पण माझी भाषा माझ्यापासून काढून घेतली, याचं काय करायचं? मी रडले, खूप रडले, आणि आईला म्हणाले डोकं दुखतंय. काच मात्र मी पुसली नाही. बाटली बूच लावून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मग तपासणी सुरू झाली. प्रत्येक निवृत्त माणसाने यायचं, आपली माहिती स्क्रीनवर बघायची आणि मशीनवर बोट ठेवून बरोबर आहे म्हणायचं. बाबांनी आईकडून पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून घेतली. खिशाला पेन लावलं. मी म्हटलं, "बाबा, तिथे पेन लागत नाही." ते म्हणाले, "राहू दे."

मशीनने बाबांचं बोट घेतलं नाही. लाल दिवा. मी काच पुसली, बाबांचं बोट पुसलं. लाल दिवा. दुसरं बोट, तिसरं, दुसऱ्या हाताची सगळी. ॲसिड आणि फिनेलने बाबांच्या बोटांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. ज्या अंगठ्यापायी सही खोडली, तो अंगठासुद्धा या ऑफिसाने झिजवून ठेवला होता. नियम असा की बोट लागलं नाही तर कागदावर सही. मी कागद पुढे केला.

बाबांनी पेनाचं टोपण काढलं. चेहरा कसा झाला होता त्यांचा, मी सांगू शकत नाही. पहिलं अक्षर उभं राहिलं. दुसऱ्याला हात सुटला आणि पेन घसरत कागदाबाहेर टेबलावर गेलं. "थांब, होते," ते म्हणाले. पुन्हा लावलं. झालं नाही.

मॅडम मागे उभ्या होत्या. बाबांच्या डोक्यावरून मला म्हणाल्या, "अनपढ़ लिख दो. लाइन रुकी है."

शिक्षणाचा रकाना उघडा होता. की मी दाबायची होती. माझ्या बापासाठी, माझ्या बोटाने.

"नाही," मी म्हणाले. मराठीत. मोठ्याने. "त्यांना लिहिता येतं. तुमच्याच वहीच्या पहिल्या पानावर त्यांची सही आहे. खोडलीय, पण आहे."

"कॉन्ट्रैक्ट पे हो. याद है ना?"

"आहे, मॅडम. मी लिहिणार नाही."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मराठी त्यांना कळत नव्हती, पण कळलं. मॅडम माझ्या खांद्यावरून वाकल्या, मला अंग लागू न देता, आणि त्यांनी स्वतः टाइप केलं. निरक्षर. सेव्ह.

बाबांनी पेनाला टोपण लावलं. जिन्यात म्हणाले, "काहून भांडली? नोकरी जाईन तुही." टॅक्सीत खिशाचं पेन चाचपत बसले. मग विचारलं, "सही दिसते काय अजून? त्या पानावर?"

"दिसते बाबा. स्वच्छ दिसते."

ते रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

ठेकेदाराने मला यायचं नाही म्हणून फोन केला. दुर्गापूजेच्या आधी बाबा गेले. कॉम्प्युटरमध्ये ते निरक्षर आहेत.

ती नोंद दुरुस्त करा म्हणून मी अर्ज केला आहे. ऑफिसातला एक बाबू मला समजावायला आला होता. भला माणूस आहे. म्हणाला, "दीदी, माणूसच राहिला नाही. तो शब्द आम्ही पुसून टाकतो, रकाना रिकामा ठेवतो, मिटवा आता."

पुसायचं नाही. पुसणं तुम्हाला फार चांगलं जमतं. मला तो शब्द खोडून हवा आहे, बाबांची सही खोडली तसा, एका आडव्या रेघेने, खालचा शब्द वाचता येईल असा. शेजारी माझ्या प्रगतिपुस्तकावरची त्यांची सही चढवायची. सुनावणीला मॅडम समोर असतील. त्यांनी हिंदीत बोलावं, इंग्रजीत बोलावं. मी मराठीतच बोलणार.