तीन सह्या

सांताक्रूझच्या विमानतळावर मी मेकॅनिक होतो. लांबच्या फ्लाइटमध्ये पायलट आळीपाळीने झोपायचे, त्यासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली असायची. एका विमानातल्या त्या खुर्चीची एकच तक्रार परत परत यायची: पाठ मागे टिकत नाही. तीनदा मी हाताने पाठ मागे ढकलली, ती टिकली, आणि विमानाच्या तक्रारवहीत 'तपासलं, ठीक आहे' लिहून सही ठोकली. ग्रीसच्या कपड्यांनी खुर्चीत बसायचं नाही, हा आमचा नियमच होता. साहेबांना झोप लागत नाही आणि दोष खुर्चीला, असं वर कँटीनमध्ये बोलायचो.

चौथ्या खेपेला कॅप्टन विमानातच थांबले.

"बस त्यात."

"साहेब, कपडे घाण आहेत."

"बस रे!"

डोकं फिरलं माझं, पण बसलो. पाठ मागे केली, डोळे मिटले, जरा कूस वळवली आणि पाठ खाडकन सरळ झाली. मी पुढे फेकला गेलो.

कॅप्टनचे डोळे लालभडक होते. "आज विमान उतरवताना माझा डोळा लागला होता," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी वही उघडली, माझ्या तिन्ही सह्या दाखवल्या आणि पेन पुढे केलं.

"आता चौथी कर."