बदामात मोडलेली अणी

अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या सोडून गाडीवान भाकरी खात बसले होते. त्यांतला एकजण अमरावतीचा निघाला. मी सहज सदाशिवजी सोनारांची खुशाली विचारली. तो घास तसाच हातात धरून म्हणाला, "ते गेले नं मास्तर. आठ दिस झाले. तुमाले कोणी सांगतलं नाई?" कोण सांगणार... मी त्यांचा नातेवाईक नव्हतो.

अमरावतीच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा त्यांच्या दुकानाशेजारच्या खोलीत राहत असे. शाळा सुटली की त्यांच्याजवळ बसून पोथी वाचायची. त्यांना अक्षरओळख नव्हती. आवडलेली ओळ ते पुन्हा वाचायला लावत. कापसाला भाव आला होता. जो तो जुने दागिने आटवून भारी नवे घडवून घेत होता. सदाशिवजी दिवसभर मूस तापवत आणि म्हणत, "जुनं सोनं गप रायते मास्तर. नवं लय बोलते."

अशा दिवसांत मोर्शीकडची गोदाबाई आली. तिची मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आधीच तापाने गेली होती. मुलीच्या गळ्यातला सोन्याचा बदाम तिने पदराच्या गाठीतून काढला. दात येताना पोर तो चावत असे; मऊ सोन्यावर चार बारीक खळगे उमटले होते. वरची कडी तुटली होती. नवं भोक पाडून द्या, मी गळ्यात घालीन, एवढंच तिचं म्हणणं होतं. "पण आटवू नका, सोनारबाबा. हे दात तिचे हायेत."

दुसऱ्या दिवशी सदाशिवजी भोक पाडत होते. मी शेजारी होतो. रस्त्यावरून एक गाडी चालली होती. बैलांच्या शिंगांना मालकाने चांदी मढवली होती. मला हसू आलं आणि "अहो, पाहा तरी!" म्हणत मी त्यांच्या कोपराला हात लावला. टक्... भोक पाडायच्या हत्याराची बारीक पोलादी अणी मोडून सोन्यातच राहिली. ठोकून काढावी तर मऊ सोनं फाटणार, आणि खळगे अगदी लगतच होते. आटवणं सोपं होतं, पण तेच करायचं नव्हतं.

गोदाबाई आली तेव्हा ते म्हणाले, "माया हातून अणी मोडली बाई, सोन्यात अडकली. तीन दिस दे."

"आटवसान तर नाई?"

"नाई."

मी तिथेच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही.

तोडगा त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. तुरटीचं पाणी लोखंड खातं, सोन्याला हात लावत नाही. मी धावत जाऊन तुरटी आणली आणि घाईघाईने लोखंडी कढईत पाणी ओतलं. ते खो खो हसले. "वा मास्तर! मंग ते पयले कढईच खाईन नं! मातीचं बोळकं घ्या." शाळेला सुट्टी होती. तीन दिवस मी त्या बोळक्यापाशी बसलो. निखारे विझू द्यायचे नाहीत, पाणी आटलं की घालायचं. बदामातून एकेक बारीक बुडबुडा वर येई. सदाशिवजी आपलं काम करत. कोपराचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. तिसऱ्या दिवशी काळा गाळ सुटला, भोकातून उजेड दिसला. त्यांनी आधी भोक पाहिलं नाही. खळग्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "चारी हायेत."

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. पत्र लिहून सगळं कबूल करावं असं फार वाटे. पण ते पत्र दुसऱ्या कोणाला तरी त्यांना वाचून दाखवावं लागलं असतं... म्हणून लिहिलं नाही. आपण होऊन गेलोही नाही.

बातमी कळल्यावर मात्र गेलो. त्यांच्या पत्नीने दुकान उघडून दिलं. गोदाबाईही भेटायला आली होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात तो बदाम होता. मी म्हणालो, "बाई, ती अणी माझ्यामुळे मोडली होती. मी त्यांच्या हाताला धक्का दिला."

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "बदाम घ्यायले आली तवा बाबानं सांगतलं, तुमी तीन दिस जागचे हलले नाई. ज्याच्या हातून काई झालं नाई, तो कायले बसून राहीन?"

"मग बोलला का नाहीत?"

"बाबाले इचारलं होतं म्या. ते म्हणे, राहू दे, मास्तर सांगन तवा सांगन."

ती गेली. मी दुकानात बसलो. शेगडीत राख होती, हत्यारं फडक्यात बांधून ठेवली होती. अंधारून आलं की सदाशिवजी म्हणायचे, "उठा मास्तर, घरी कोणी वाट पायत असन." माझ्या घरी कोणी नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी रोज तेच म्हणायचे. त्या संध्याकाळी दिसेनासं झालं तरी मी उठलो नाही.